नकार ज्या टेबलावरून, अपीलही त्याच टेबलावर

माहिती अधिकारातलं पहिलं अपील तालुक्याच्या कार्यालयात कसं फिरतं, हे कागदाच्या मागे मागे जाऊन पाहायला हवं. समजा, एकानं वारस नोंदीच्या फेरफारासोबतची कागदपत्रं मागितली. अर्ज जोडपत्र ‘अ’मध्ये, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आवक शिक्का बसून तो संबंधित संकलनाकडे, म्हणजे तो विषय सांभाळणाऱ्या शाखेकडे जातो. तिथला अव्वल कारकून टिपणी लिहितो, उत्तराचा मसुदा तयार करतो आणि जनमाहिती अधिकारी, म्हणजे माहिती देण्यासाठी नेमलेला अधिकारी, म्हणून नायब तहसीलदार त्यावर सही करतात. उत्तर येतं : ‘सदर माहिती त्रयस्थ व्यक्तीशी संबंधित असल्याने देता येत नाही.’ अर्जदार तीस दिवसांच्या आत जोडपत्र ‘ब’ भरतो, वीस रुपयांचा स्टॅम्प लावतो आणि प्रथम अपिलीय अधिकारी असलेल्या तहसीलदारांकडे अपील करतो. पुन्हा आवक शिक्का. साहेब कोपऱ्यात आद्याक्षरी करून संकलनाचं नाव लिहितात आणि अपील त्याच अव्वल कारकुनाच्या टेबलावर येऊन पडतं. सुनावणीची नोटीस तोच काढतो, प्रकरणाची टिपणी तोच सादर करतो, बहुतेक वेळा आदेशाचा मसुदाही त्याच्याच हातचा असतो.

म्हणजे नकार लिहिणाऱ्यानंच ‘नकार योग्य होता का’ याचा निकाल लिहायचा, आणि वरच्यानं त्यावर सही करायची. यात कोणी लबाडी केलेली नसते. कार्यालयाच्या कार्यविवरणात, म्हणजे कामाच्या वाटपात, विषय ज्या संकलनाकडे, त्या विषयाचा प्रत्येक कागद त्याच संकलनाकडे, इतका हा साधा मामला आहे. पण अपिलाचा जीव तिथंच जातो.

सरकारी सेवांमधल्या अपिलांवर बोलताना आपण फार लवकर वर बघतो. आयोग, लोकपाल, न्यायाधिकरण स्वतंत्र आहे का, हे विचारतो. तो प्रश्न रास्तच आहे आणि त्याकडे मी येणार आहे. पण बहुसंख्य लोक तिथवर पोचतच नाहीत. त्यांचं काम पहिल्या अपिलात होतं, नाहीतर ते नाद सोडून देतात. म्हणून पहिल्या पायरीची स्वायत्तता ही माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, आणि ती मिळवायला कायदा बदलावा लागत नाही.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चं कलम १९(१) नीट वाचा. पहिलं अपील कोणाकडे? त्या लोक प्राधिकरणातल्या, म्हणजे त्या सरकारी संस्थेतल्या, जनमाहिती अधिकाऱ्यापेक्षा ‘दर्जानं वरिष्ठ’ अधिकाऱ्याकडे. लगतचा वरिष्ठ, त्याच साखळीतला वरिष्ठ, त्याचा कार्यमूल्यमापन अहवाल लिहिणारा वरिष्ठ, असं कुठंही म्हटलेलं नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्येही पदनिर्देशित, म्हणजे सेवा देण्यासाठी नेमलेल्या, अधिकाऱ्यापेक्षा वरच्या पदाचा प्रथम अपील प्राधिकारी आणि त्याच्याहून वरचा द्वितीय अपील प्राधिकारी नेमायचा आहे. ‘वरचा’ म्हणजे ‘याच खोलीतला वरचा’ हा अर्थ आपल्या कार्यालयांनी सोयीनं काढला आणि पुढं नेमणुकीचे आदेश, नावांचे फलक, संकेतस्थळांवरचे तक्ते सगळे त्याच साच्यात निघत गेले.

सोय कोणती, तीही सांगायला हवी. लगतच्या वरिष्ठाला फाईल माहीत असते, कर्मचारी त्याच्या हाताखाली असतात, ‘द्या हो त्यांना’ असं त्यानं नुसतं म्हटलं तरी तासाभरात कागद मिळू शकतो. हे खरं आहे आणि पुष्कळ अपिलं अशी मिटतातही. नकार जेव्हा आळसातून, अज्ञानातून किंवा कामाच्या गर्दीतून आलेला असतो, तेव्हा लगतचा वरिष्ठ हा उत्तम उपाय आहे. पण तो नकार वरूनच आलेला असला तर? जमिनीचा अकृषिक परवाना, ठेकेदाराचं देयक, अतिक्रमणाचा पंचनामा, बदल्यांची यादी, अशा विषयांवर नायब तहसीलदार किंवा कनिष्ठ अभियंता स्वतःच्या मनानं नकार देत नाही. तो आधी आत जाऊन विचारतो. निर्णय वरच्याचा असतो, सही खालच्याची. मग त्याच वरच्याकडे अपील नेलं, की त्यानं स्वतःच्याच तोंडी निर्णयावर लेखी मोहोर उमटवावी अशी आपण विनंती करत असतो.

आणखी एक गाठ आहे. जनमाहिती अधिकाऱ्याचा कार्यमूल्यमापन अहवाल लिहिणारा प्रतिवेदन अधिकारी सहसा हाच लगतचा वरिष्ठ असतो. बाहेरून वाटतं, त्याच्या हाती लगाम आहे. प्रत्यक्षात ‘माझ्या हाताखालच्यानं बेकायदा नकार दिला’ असं आदेशात लिहिणं म्हणजे ‘माझं पर्यवेक्षण कमी पडलं’ हे स्वतःच्या सहीनं कबूल करणं. उद्या त्याचा वरिष्ठ तोच आदेश पुढं ठेवून विचारू शकतो की तुमच्या कार्यालयात हे कसं झालं. म्हणून आदेशात एक ठरावीक वाक्य येतं, ते अपिलं करणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे : ‘जनमाहिती अधिकारी यांनी अपिलार्थीस उपलब्ध माहिती पंधरा दिवसांत विनामूल्य पुरवावी. अपील निकाली काढण्यात येते.’

वाक्य दिसायला अपिलार्थीच्या बाजूचं आहे, पण त्यात काहीच ठरलेलं नाही. पाच मुद्दे मागितले होते, त्यांपैकी कोणते द्यायचे? ‘उपलब्ध’ म्हणजे काय? कागद सापडत नसेल तर शोध कोणी घ्यायचा, हरवला असेल तर जबाबदारी कोणावर? माहिती नाकारण्याची कारणं सांगणाऱ्या कलम ८ च्या कोणत्या खंडाखाली नकार होता आणि तो टिकतो की नाही? यातलं एकही उत्तर आदेशात नसतं. पंधरा दिवसांनी जनमाहिती अधिकारी ‘सदर माहिती कार्यालयात उपलब्ध नाही’ असं कळवतो आणि आदेशाचं पालन झालेलं असतं! केंद्राच्या कार्मिक व प्रशिक्षण विभागानं २००७ मध्येच परिपत्रक काढून सांगितलं होतं की पहिलं अपील हे अर्धन्यायिक, म्हणजे न्यायनिवाड्यासारखं, काम आहे आणि आदेश कारणांसह हवा. अपिलीय अधिकाऱ्यानं ‘माहिती द्या’ म्हटलं आणि खालच्यानं दिली नाही, तर सक्ती करण्याचं कोणतंही हत्यार कायद्यानं त्याच्या हाती दिलेलं नाही. कलम २० खालचा दंड, रोज २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये, फक्त दुसरं अपील ऐकणारा माहिती आयोग लावू शकतो आणि तोही फक्त जनमाहिती अधिकाऱ्याला. अपील तीस दिवसांत, किंवा कारणं लेखी नोंदवून जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत निकाली काढायचं आहे. ते वर्षभर पडून राहिलं तरी अपिलीय अधिकाऱ्याला या कायद्याखाली एक रुपयाचाही दंड नाही.

सुनावणीच्या दालनात काय होतं, तेही पाहू. वेळ अकराची असते. साडेदहापासून जनमाहिती अधिकारी फाईल घेऊन आत असतात, कारण ते त्याच कार्यालयातले, इतर चार कामांसाठीही त्यांना आत जावंच लागतं. अपिलार्थी बाहेर बाकावर. बारा वाजता पुकारा होतो. आत गेल्यावर जनमाहिती अधिकारी साहेबांच्या टेबलाच्या बाजूला उभे, फाईल साहेबांपुढं उघडलेली, पान दुमडून ठेवलेलं. अपिलार्थी समोरच्या खुर्चीत. पहिला प्रश्न त्यालाच : ‘तुम्हाला ही माहिती कशासाठी हवी आहे?’ कलम ६(२) नुसार अर्जदाराला कारण विचारता येत नाही. आणि कलम १९(५) नुसार नकार समर्थनीय होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी नकार देणाऱ्यावर आहे, म्हणजे पहिला प्रश्न बाजूला उभ्या असलेल्याला जायला हवा. दालनातल्या बसण्याच्या जागांनीच पुराव्याचा भार उलटा फिरवलेला असतो. दूरच्या गावाहून आलेला माणूस सफाई देत सुटतो आणि दहा मिनिटांत बाहेर येतो. अनेकदा तर सुनावणीची नोटीस सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी हाती पडते आणि आदेशात ‘अपिलार्थी गैरहजर’ एवढीच नोंद राहते.

लोकसेवा हक्क कायद्याची रचना याहून एका बाबतीत धीट आहे. तिथं अपिलं तीन आहेत. पहिलं तीस दिवसांत करायचं. दुसरं, पहिल्याच्या आदेशानंतर तीस दिवसांत, किंवा पंचेचाळीस दिवसांत आदेशच झाला नाही तर त्यानंतर. तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडे, साठ दिवसांत. पदनिर्देशित अधिकाऱ्यानं पुरेशा कारणाशिवाय सेवा दिली नाही तर ५०० ते ५,००० रुपये दंड, आणि तो लावण्याचा अधिकार पहिल्याच अपील प्राधिकाऱ्याला आहे. इतकंच नव्हे, जो प्रथम अपील प्राधिकारी वारंवार मुदतीत निर्णय देत नाही किंवा चुकलेल्या अधिकाऱ्याला पाठीशी घालतो, त्यालाही दंडाची तरतूद आहे. कायदा करणाऱ्यांना दुखणं नेमकं कळलं होतं, हे ‘पाठीशी घालणे’ या कल्पनेतूनच दिसतं.

पण दंड लावणारा हात कोणाचा? ज्या लिपिकाला, ज्या मंडळ अधिकाऱ्याला उद्या निवडणुकीच्या कामावर पाठवायचं आहे, अतिवृष्टीचे पंचनामे करायला लावायचे आहेत, त्याच्या पगारातून त्याच्याच साहेबानं दंड कापायचा. माणूस कितीही सचोटीचा असो, तिथं हात आखडतो. दंडाचा अधिकार देताना तो कोणत्या नात्यात वापरायचा आहे, याचा विचार राहून गेला.

शिवाय अपिलाचा हक्क जन्मालाच येऊ नये याची एक ओळखीची वाट आहे : त्रुटी काढणं. दाखल्याचा ऑनलाइन अर्ज मुदतीच्या शेवटच्या दिवसांत ‘त्रुटी’ म्हणून परत पाठवायचा. अर्जदार कागद जोडतो, मग दुसरी त्रुटी. अर्ज ना नाकारलेला, ना मुदतीबाहेर गेलेला. आदेशच नाही, तर अपील कशाविरुद्ध करणार? यावर उपाय एकच आहे : सगळ्या त्रुटी एकाच वेळी, पहिल्या काही दिवसांत कळवायच्या. त्यानंतर काढलेली प्रत्येक त्रुटी हा नकार मानायचा आणि त्या दिवसापासून अपिलाची मुदत सुरू करायची.

महसुलात तर खात्यातल्याच वरिष्ठाकडे अपील करण्याची आणखी जुनी परंपरा आहे. फेरफार मंडळ अधिकाऱ्यानं प्रमाणित केला की साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांतांकडे अपील. तिथून वर अपर जिल्हाधिकारी, पुढं विभागीय आयुक्तालय. आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम २५७ खाली पुनरीक्षणाचा, म्हणजे खालचे आदेश पुन्हा तपासण्याचा, अधिकार राज्य शासनाकडेही आहे, तो व्यवहारात मंत्री किंवा राज्यमंत्री वापरतात. बांधावरच्या दोन भावांचा वाद, आणि न्यायनिवाडा करणार कोण, तर मतदारसंघ असलेला, पक्ष असलेला, दोन्हीकडच्या पुढाऱ्यांचे फोन येणारा लोकप्रतिनिधी. मंत्री प्रामाणिक असेल, तरी त्याच्या आसनालाच ही भूमिका झेपणारी नाही. याच संहितेनं महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरण उभं केलं आहे. कुळकायद्याचे वाद तिथं जातात. एकाच गटातला वाद कुळाचा असला तर न्यायाधिकरणापुढं आणि नोंदीचा असला तर मंत्रालयातल्या दालनात, या फरकाला माझ्या मते काहीही आधार उरलेला नाही. नोंदींची पुनरीक्षणंही न्यायाधिकरणाकडे सोपवावीत.

अपील ऐकणाऱ्याची रसद कोणाच्या हाती असावी, याचं चांगलं उदाहरण आपल्याकडेच आहे. प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरण १९४१ पासून चालू आहे. कर लावणारं खातं अर्थ मंत्रालयाचं, पण न्यायाधिकरण कायदा मंत्रालयाच्या अखत्यारीत. सदस्यांच्या खोल्या, कर्मचारी, खर्च यांसाठी त्यांना करवसुली करणाऱ्यांच्या दारात जावं लागत नाही. कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं हेच तत्त्व सगळ्या न्यायाधिकरणांसाठी सांगितलं : ज्या मंत्रालयाच्या निर्णयांची तपासणी करायची, त्या मंत्रालयाकडून सोयीसुविधा घ्यायच्या नाहीत. मोठ्या करदात्यांना जे मिळतं, ते उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्याला का मिळू नये?

आता आयोगांकडे. माहिती आयोगाची घडण २००५ च्या मूळ कायद्यात विचारपूर्वक केलेली होती. पाच वर्षांची निश्चित मुदत, राज्य मुख्य माहिती आयुक्ताला निवडणूक आयुक्ताच्या आणि राज्य माहिती आयुक्ताला मुख्य सचिवाच्या बरोबरीचं वेतन. २०१९ च्या दुरुस्तीनं मुदत आणि वेतन ठरवणं केंद्र सरकारच्या हाती गेलं, राज्यांच्या आयुक्तांचंसुद्धा. त्याच वर्षीच्या नियमांनी मुदत तीन वर्षांवर आणली. सरकारनं कोणत्याही एका निकालात ढवळाढवळ केलेली नसेल, तरी ज्याच्याविरुद्ध निकाल द्यायचा तोच नोकरीच्या अटी ठरवतो, ही गोष्ट प्रत्येक सुनावणीत खोलीत हजर असते.

त्याहून परिणामकारक हत्यार म्हणजे रिकामी खुर्ची. आयुक्त निवृत्त होण्याची तारीख नेमणुकीच्याच दिवशी ठाऊक असते, तरी पदं महिनोन्‌महिने भरली जात नाहीत. महाराष्ट्रात मुख्यालयाखेरीज बृहन्मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर अशी खंडपीठं आहेत. एक जागा रिकामी झाली की तिचा भार शेजारच्या खंडपीठावर जातो आणि दोन्हीकडची तारीख लांबते. दुसरं अपील नव्वद दिवसांत करायचं बंधन नागरिकावर आहे, ते किती दिवसांत ऐकायचं याचं बंधन आयोगावर कायद्यात नाही. माहिती अधिकार कार्यकर्त्या अंजली भारद्वाज यांच्या याचिकेवर फेब्रुवारी २०१९ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं रिक्त पदं वेळेत भरण्याचे निर्देश दिले आणि निवडी जवळजवळ निवृत्त सनदी अधिकाऱ्यांपुरत्याच होत असल्याकडेही लक्ष वेधलं. कायद्यात विधी, विज्ञान, समाजसेवा, व्यवस्थापन, पत्रकारिता अशी लांबलचक यादी आहे. तीस वर्षं टिपण्यांवर सह्या केलेल्या माणसाला कार्यालयाच्या खाचाखोचा कळतात, हे मान्य. पण ‘फाईल सापडत नाही’ हे उत्तर त्याला सहज पटतं, कारण त्यानं ते स्वतः अनेकदा ऐकून घेतलेलं असतं. खंडपीठांवर वेगवेगळ्या पेशांतली माणसं हवीत ती यासाठी.

आयोगाकडे थेट जाण्याची वाटही अरुंद आहे. मणिपूरच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की कलम १८ खालच्या तक्रारीवर आयोग दंड करू शकतो, पण माहिती द्यायला लावू शकत नाही. माहिती हवी तर कलम १९ च्या अपिलाचीच वाट. म्हणजे पहिलं अपील टाळता येत नाही. जी पायरी चुकवता येत नाही, ती तरी धड असावी.

ती धड कशी होईल? मला सगळ्यात आधी एक साधा आदेश हवा आहे. प्रत्येक विभागानं अपिलीय अधिकाऱ्यांची अदलाबदल करावी. या तालुक्यातली अपिलं शेजारच्या उपविभागाच्या प्रांतांनी ऐकावीत, या नगरपरिषदेच्या बांधकाम विभागाची अपिलं लेखा किंवा आरोग्य विभागाच्या वरिष्ठानं. अधिकारी त्याच लोक प्राधिकरणातला आणि दर्जानं वरिष्ठ राहतो, कलम १९(१) पाळलं जातं. फाईल त्याला नवी असेल, म्हणूनच तो ती वाचेल. विषय कळणार नाही असा आक्षेप येईल. पण अपिलात तपासायचं असतं ते एवढंच : काय मागितलं, काय दिलं, नकाराचं कारण कायद्यात बसतं का. त्याला बांधकामाचं ज्ञान लागत नाही.

दुसरं म्हणजे जनमाहिती अधिकाऱ्याचं लेखी म्हणणं सुनावणीच्या किमान सात दिवस आधी अपिलार्थीला मिळावं, मूळ फाईल सुनावणीत त्याच्यासमोर उघडावी आणि आदेश मुद्देनिहाय तक्त्यात असावा : मागणी, दिलेलं उत्तर, निर्णय, कारण, पालनाची तारीख. ‘उपलब्ध माहिती द्यावी’ हे वाक्य परिपत्रक काढून बंद करावं. पालनाचा अहवाल ठरल्या तारखेला आला नाही, तर अपिलीय अधिकाऱ्यानंच प्रकरण आयोगाकडे पाठवावं. नागरिकाला नव्यानं वीस रुपयांचा स्टॅम्प लावायला लावू नये. आणि दर महिन्याला प्रत्येक कार्यालयानं आकडे लावावेत : किती अपिलं आली, किती मुदतीत निघाली, किती नकार फिरले. जिथं वर्षभरात एकही नकार फिरला नाही, तिथं तपासणी पथक पाठवावं.

हे होईपर्यंत अपील करणाऱ्यांनी चार गोष्टी सोडू नयेत. अपील हाती देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. एका अर्जातला प्रत्येक मुद्दा वेगळ्या क्रमांकानं लिहावा आणि अपिलातही तेच क्रमांक ठेवावेत, म्हणजे ‘सर्व माहिती दिली’ असं मोघम उत्तर चालत नाही. सुनावणीत कलम १९(५) चा उल्लेख करून आधी जनमाहिती अधिकाऱ्याला बोलू देण्याची लेखी विनंती करावी. आणि निकालानंतर अपिलाच्या संचिकेतल्या टिपणीची प्रत मागावी. तीही माहितीच आहे.

त्या टिपणीच्या तळाशी सादर करणाऱ्याची सही असते. मूळ नकाराच्या टिपणीखालची सही तिच्या शेजारी ठेवून पाहावी, आणि दोन्ही एकाच हातच्या निघाल्या तर दुसऱ्या अपिलाचा पहिला मुद्दा तोच लिहावा.